सुनिमला हाक

अमेरिकेत, पार्सिपनी गावातल्या दवाखान्यात, १९९६ साली, माझ्या मागच्या खुर्च्यांवर दोघी मराठीत बोलत होत्या.

“वल्लरी, आत्ता आत गेल्या त्या आजी कोण गं?”

“माझ्या घरमालकीण, काकू. कोरियन आहेत. एकट्याच राहतात.”

“आणि तू त्यांना नुसतं सुनिम म्हणतेस?”

“त्यांनीच सांगितलंय. त्यांच्या लहानपणी तिकडे जपान्यांचं राज्य होतं. सगळ्यांना जपानी नाव घ्यायची सक्ती झाली. वडिलांनी मुलीचं नाव बदलू दिलं नाही. म्हणून त्यांची शाळा सुटली, वडील तुरुंगात वारले.”

“अगं बाई!”

“आता त्या नावानं हाक मारणारं कुणीच उरलं नाही. म्हणून मी मारते.”

“छान करतेस.”

“काकू, मला पार दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यू शहरात जॉब लागलाय. पुढच्या महिन्यात मूव्ह करतेय.”

“सांगितलंस त्यांना?”

“रोज सांगायला जाते. पण हाक मारली की इतक्या खुशीत ‘कमिंग’ म्हणतात, की राहूनच जातं.”