दार उघडं, दिवा हिरवा

मी खाली सही करणार, वय ५१ वर्षे, धंदा : चोरीपासून सावध करणारे अलार्म बसवणे व दुरुस्ती, राहणार : स्वतःच्या दुकानाच्या वरचा मजला. गल्लीत मला भोंगेवाले म्हणतात. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की,

घरी मी आणि माझी आई, वय ७९, असे दोघेच राहतो. आईला विसरण्याचा आजार आहे. ती दार उघडून चालू लागते, म्हणून जिन्याच्या दाराला मी सेन्सर बसवला. दार उघडलं की भोंगा वाजतो, बंद असलं की आतल्या पेटीवर हिरवा दिवा असतो. दिवसा आईजवळ कामाच्या मावशी असतात. त्यांना चार वर्षं झाली.

महिन्याभरापूर्वी दार बंद असतानाही भोंगा वाजू लागला. आई दचकून रडायची. मावशी तीनदा म्हणाल्या, "दादा, तार सैल झालीय, जरा बघा ना." मी म्हणालो, "बघतो हो, तार काय पळून चाललीय?" गिऱ्हाइकाकडे मी प्रत्येक टोक स्क्रूखाली कसतो, मग ओढून बघतो, सुटलं तर पुन्हा कसतो. दोन मिनिटांचं काम. घरी मात्र तारा नुसत्या पिळून ठेवल्या होत्या. आपलंच तर घर, म्हटलं.

सोमवारी दुपारी भोंगा पुन्हा बोंबलला. मला कामावर निघायची घाई. वैतागून मी पेटीतली सेन्सरची दोन टोकं तारेच्या तुकड्याने जोडून टाकली. असं केलं की दार सताड उघडं असलं तरी भोंगा वाजत नाही, दिवा हिरवाच राहतो. हे मी मावशींना सांगितलं नाही. राहून गेलं असं लिहू नका. त्या पुन्हा मागे लागतील म्हणून सांगितलं नाही.

आज दुपारी तीनच्या सुमारास मावशी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला गेल्या. जाताना त्यांनी दिवा बघितला होता. परत आल्या तेव्हा दार उघडं होतं, आई नव्हती आणि दिवा हिरवा होता.

मावशी झोपल्या होत्या, अशी तक्रार माझ्या ताईने दिली आहे. ती खोटी आहे. ताई त्यांना नको नको ते बोलली आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो. मला त्याची फार लाज वाटते. चूक माझी एकट्याची आहे.

आईच्या अंगावर निळा गाऊन आहे, पायात काही नाही. हाका मारून मारून माझा घसा बसला. पण साहेब, ती मला ओळखत नाही. माझ्या हाकेला वळत नाही, ताईच्याही नाही. ती वळते फक्त मावशींच्या आवाजाला. आणि मावशींना दोन तास झाले, तुम्ही इथे बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलंय.

जबाब वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरवला आहे. सही करतो, पण आधी मावशींना गाडीत बसवा.