मिरचीच्या सॉसच्या बाटलीबाबत

नाव: तक्रारीत लिहिले आहे तेच; मला सगळे ताई म्हणतात. वय ४३ वर्षे. धंदा: लॉन्ड्रीत इस्त्रीकाम. राहणार: लॉन्ड्रीच्या वरची खोली, वडिलांसह.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, तक्रारदार हा माझा सख्खा थोरला भाऊ आहे.

आमच्या वडिलांना, अण्णांना, घशाचा कॅन्सर झाला होता. उपचारात तोंड आतून सोलून निघाले. तेव्हापासून त्यांना नाकातल्या नळीने पातळ अन्न द्यावे लागत होते. ते मीच देत होते. भाऊ त्या काळात फोनवर होता.

काल सकाळी डॉक्टरांनी नळी काढली. मऊ, बिनतिखट काहीही द्या म्हणाले. काय करू विचारल्यावर अण्णा बसक्या आवाजात म्हणाले, "बटाटा. लोणी घालून. हात आखडू नकोस." मी बटाटे उकडून, एकही गाठ न ठेवता गरम दुधात कुस्करले. वर लोण्याचा गोळा ठेवला. अण्णांनी बशी नाकाशी धरली. बराच वेळ नुसता वासच घेतला.

तेवढ्यात भाऊ आला. भेट म्हणून त्याने मिरचीच्या सॉसची बाटली आणली होती. मी पाणी आणायला आत गेले. त्याचा आवाज आला, "हे काय बाळाचं खाणं! थांबा अण्णा, जिभेला जरा जाग आणतो."

मी आतूनच ओरडले, "दादा, काही घालू नकोस त्यात!"

"अगं, थेंबभरच!"

मी बाहेर आले तेव्हा बटाटा लाल झाला होता आणि घास अण्णांच्या तोंडात होता. अण्णांना ओरडताही आले नाही. दोन्ही हातांनी गळा धरून ते वाकले. भाऊ म्हणाला, "मला काय माहीत?"

उरलेला सॉस मी भावावर ओतला हे खरे आहे. डोळ्यांत घालण्याचा उद्देश होता हे खोटे आहे. मला तो त्याच्या तोंडात घालायचा होता. त्याने तोंड मिटून घेतले.

संध्याकाळी मी पुन्हा बटाटा करून नेला. अण्णांनी बशी दूर सारली. म्हणाले, "नळीच बरी होती."

मी माफी मागितल्यास भाऊ तक्रार मागे घेणार असल्याचे मला सांगण्यात आले. मी मागणार नाही.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखविला. त्यात 'रागाच्या भरात' असे शब्द घातले होते, ते मी खोडायला लावले. राग अजून आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच लिहिले आहे.