ओलं माप

न्हाई मालक, त्या डब्यात न्हाई देणार मी. रागावू नका — डबा चांगला हाय, पत्र्याचा हाय, झाकण घट्ट बसतंय, सगळं कबूल — पण ह्याच्यात आधी तेल होतं का न्हाई? होतं. सूर्यफुलाचं. धुतला म्हणता. कुणी, काकूंनी का तुमी? तुमीच धुतला आसंल, आतून बोट फिरवून बगा, कसं चमकून राहिलंय. तेल आन ही क्लोरीनची पावडर एकत्र आली की आग लागती, काडी ओढायची बी गरज न्हाई — मंग काकू म्हणतील, पोहायचा पूल बांधला का चूल मांडली? पावडर कंपनीच्या डब्यातच न्यायची आन त्याच डब्यात ठेवायची. बसा, खुर्ची वढा. काकू गाडीतच बसतो म्हणल्या? बसू द्या.

अहमदपूरला कुठशी म्हणलाव तुमचं शेत? हां, पाहुण्यांसाठी चार खोल्या, हुरडा, आन आता पूल. चांगलं हाय. ज्या लातुराला प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, तिथं ह्यो पंचाक्षरी पोहायच्या पाण्याचं औषध विकतो — लोक हासतात, म्या बी हासून घेतो. आता मला सांगा, डबा ठेवणार कुठं? खताच्या खोलीत. वाटलंच मला. तिथं युरिया, फवारणीचं औषध, डिझेलचा कॅन, जुना रंग — म्हंजे सगळे सोयरे एकाच मांडवात. ह्यो सोयरा भांडखोर हाय मालक, ह्याला येगळी खोली लागती. कोरडी, हवा खेळती, ऊन न येणारी, आन कुलूप — किल्ली तुमच्या करदोड्याला. जमिनीवर न्हाई, फळीवर ठेवायचा. फरशी धुवायचं ॲसिड तर ह्याच्या आसपास बी नको, दोघं भेटले की पिवळा धूर निगतो, आन त्यो धूर छातीत गेला की माणूस नाव इसरतो. गाडीत बी तसंच — डबा मागं डिक्कीत, उभा, कुठं बी न थांबता सरळ घरी. काकूंच्या पायापाशी न्हाई. मोतीचुराचा डबा न्हाई त्यो.

पाण्यात टाकायची कशी, म्हाईत हाय? न्हाई, तुमी उलटं सांगून राहिलाव. आधी बादलीभर पाणी, मंग त्यात पावडर. पावडरीवर पाणी कधीच वतायचं न्हाई. वरणात मीठ घालता का मिठाच्या बरणीत वरण वतता? बस, तसंच हाय. हातमोजे घाला, चष्मा लावा — वाचायचा न्हाई हो, ह्यो असा, चारी बाजूनं बंद. आन हे माप घ्या, फुकट देतो. हे फक्त ह्या डब्याचं. तुमी त्या गोळ्या बी नेऊन राहिलाव न्हवं? त्यांचा चुरा झाला तर त्याला हे माप लावायचं न्हाई. दोन्हीला लोक क्लोरीनच म्हणतात, दोन्ही पांढरे, सख्ख्या भावांवाणी दिसतात — पण जमीन वाटून घेतलेल्या भावांवाणी. एकाचं माप दुसऱ्यात गेलं, आन त्यात वल आसली तर संपलंच.

हासलाव. तुमाला वाटतंय, दुकानदार भीती घालून राहिलाय. बरोबर हाय, मला बी कुणी सांगितलं आसतं तर मी बी हासलो आसतो. खरं तर सांगितलं होतं, हासलोच होतो. दहा वर्षं तलावावर काढली मी, गावाबाहेर एक खासगी पोहायचा तलाव होता, आता बंद पडलाय — तिथं पंप आन औषध माझ्याकडं. आन सफाईला होती शांतम्मा. आता माझी बायको हाय, तवा न्हवती. उदगीरकडची, घरात कानडी. आवाज म्हणाल तर असा, की पोहणाऱ्या लेकरांना बाहेर काढायला शिट्टी लागत न्हवती — ह्या टोकाला उभी राहून ‘बर्री, बर्री’, म्हंजे या, या, म्हणली की पार त्या टोकाची लेकरं गुमान वर यायची. देवळात भजनाला बसली तर बाकीच्या बाया नुसत्या टाळ्या वाजवायच्या. मला म्हणायची, पंचाक्षरी, तुमचा सगळा गबाळा कारभार हाय, डब्यावर झाकण न्हाई, मापाला ठिकाणा न्हाई. मी म्हणायचो, तू तुझी फरशी बग.

उन्हाळ्याची सुट्टी होती, दुपारी तीनची येळ, गर्दी लई. म्या औषध काढलं, डब्यावर झाकण टेकवलं आन भाईर चहा प्यायला गेलो. शांतम्मा पंपाच्या खोलीत फरशी पुसत होती. दहा मिनटं झाली नसतील — आधी फुसफुस ऐकू आली, कुकरवाणी, मंग झाकण उडून छताला लागलं, आन दारातून धूर. ती आत होती. पळून जायचं सोडून तिनं काय केलं? लेकरांकडं बगून वरडली. त्या धुरात तोंड उघडून वरडली, बर्री म्हणून — सगळी लेकरं भाईर पळाली, एकाला बी काय झालं न्हाई. मंग ती दारातच पडली. म्या उचलून रिक्षात घातली. नऊ दिवस दवाखान्यात होती. वाचली, पण आवाज गेला. म्हंजे बोलती, पर पत्र्यावर वाळू घासावी तसं. भजनाला जात न्हाई. घरात मला बोलवायचं झालं तर ताटावर चमचा वाजवती.

मॅनेजरनं कागद लिहिला — सफाई कामगाराच्या बादलीतलं पाणी डब्यात उडालं. तिला बी तेच पटलं. अजून पटतं. दुकानात यायच्या आधी उंबऱ्यावर हात दोनदा पदराला पुसती, वल ऱ्हायला नको म्हणून. मला म्हणती, माझ्या कसुरानं लेकरं मेली आसती, तुमची नोकरी गेली आसती, आन तुमी उलटं माझ्याशी लग्न केलं. सोयरेधायरे बी म्हणतात, पंचाक्षरीचं काळीज मोठं, बिनआवाजाची बायको केली. म्या काय म्हणतो? मान हालवतो. आता चार थेंब उडाल्यानं एवढा डबा तसा फुटत नसतो मालक, हे तर तुमाला बी कळंल — त्यात ती बादली डब्यापासून हातभर लांब होती, म्या सोता बगितली. ते माप वलं होतं. गोळ्यांच्या चुऱ्यातनं काढलेलं, नळाखाली धरलेलं, नीट पुसलं बी न्हाई, चिकटलेला चुरा तसाच — आन तसंच पावडरीत खुपसलं, कारण चहावाला हाक मारून राहिला होता आन —

काय म्हणलाव?

माप कुणी खुपसलं, म्हणता?

...आता तुमी बी, मालक, पावडर घ्यायला आलाव का फौजदारकी करायला? माझंच तोंड सैल. सहा वर्षांत हे मी कुणापाशी बोललो न्हाई. देवापाशी बी न्हाई. लग्न कामून केलं म्हणता? आधी दवाखान्यात जायचो ते भीतीनं जायचो, तिला काही आठवतंय का बगायला. हे खरं हाय. मंग एक दिवस गेलो तर ती झोपलेली होती, तिला आठवायचं न आठवायचं काहीच न्हवतं — तरी बसलो. सांजंपर्यंत बसलो. त्याच्यानंतर भीतीनं न्हाई गेलो. हे बी खरंच हाय. पण तिला दोन्हीतलं एक बी म्हाईत न्हाई. सांगावं म्हणतो, आन वाटतं, ती नुसती बगंल माझ्याकडं. वरडली आसती तर बरं झालं आसतं. वरडायला आवाज कुठं ठेवलाय म्या.

काय? आता? आताच जाऊन सांगू म्हणता? घरात हाय, हाव, मागंच घर हाय, भाकरी थापत आसंल. तुमी साधं बोलता मालक, पर बोलता बरोबर. तिचा कसूर तिच्या डोक्यावरनं उतरला तर पाहिजे, मंग माझं काय व्हायचं ते होऊ द्या.

बास. उठा आता. डबा मीच ठेवतो डिक्कीत, उभा. हातमोजे घेतलाव का? घेतलाव. काकूंना नमस्कार सांगा, आन काही इसरलं तर उद्या फोन करा, आज न्हाई. आज शटर वढतो मी. न्हाई, चहा बी न्हाई आज, माफ करा. तोंड उघडलंय तंवर आत जाऊ द्या मला.