मांडीवरचा मान

हॅलो?… हो, ओदिलिआच बोलतेय. बोल, युरीडिया… नाही गं, अजून चर्चच्या पायऱ्यांवरच आहे. तुझ्या नवऱ्यानं, एवेलिओनं, बाप्तिस्म्याच्या रिवाजानं उधळलेली नाणी पोरं शोधतायत… थांब, आधी माझं ऐक. इथे माझ्या पायाशी नायेलीची पट्ट्यांची बेबी सीट पडलीय. तुमच्या गाडीत असायला हवी ती.

…

विसरली? नाही विसरली? मुद्दाम ठेवलीस?… एक मिनिट. सीट इथे, मग माझी नात कुठाय?

…

तुझ्या मांडीवर. पुढच्या सीटवर. वा!

…

हो, हो, माहितेय मला! बाप्तिस्मा झाला की पोर धर्माच्या आईच्या, म्हणजे तुझ्या, हातातूनच जेवणाच्या हॉलपर्यंत जायची. तुझ्या आईनंही तशीच नेली, तिच्या आईनंही… मान? दोन महिन्यांचं पोर पट्ट्यांत बसवलं की जातो तुझा मान? एवढुसाच आहे तो?

…

काय चुरगळतं? फ्रॉक?… बाई गं!

…

मागून कोण बोलतंय? एवेलिओ? स्पीकरवर आहे मी? बरंच झालं. एवेलिओ, गाडी बाजूला घे… काय म्हणाला? फादरनी गाडीवरही पाणी शिंपडलंय? पाणी शिंपडलंय, ब्रेक नाही बदलले त्यांनी!… आणि तुझा बेल्ट? पाठीमागून अडकवलायस ना, घंटी वाजू नये म्हणून? शहाणा रे! घंटीला फसवलंस, समोरच्या काचेला कसं फसवणार?

…

कायदा ग्रिंगोंचा, ह्या गोऱ्या अमेरिकनांचा? बरं. आणि डोकं कुणाचं फुटतं, ग्रिंगोंचं?

…

अगं, तू नको मध्ये बोलू. गुरुवारी माझ्या वर्गाला आली होतीस ना, गाडीत पोरं कशी बसवायची ते शिकायला? पहिल्या रांगेत बसून तीन तामाले खाल्लेस. बाहुलीला पट्टे बांधून दाखवलेस, बायकांनी टाळ्या वाजवल्या… हो, बाहुलीला! बाहुलीची काळजी घेतलीस हो छान.

…

आत्या, आत्या करू नकोस. एका हातात फोन, एका हातात माझी नात, आणि वर मला म्हणतेस घट्ट धरलंय.

…

परत म्हण.

…

घट्ट धरलंय. हं.

…

युरीडिया, माझा आबेल, माझा पहिला पोरगा, माहितेय तुला?… नाही, नायेलीच्या आईच्या, माझ्या मारिसेलाच्या आधीचा. तू तेव्हा तिकडे मेक्सिकोत, मिचोआकानमध्ये असशील, फ्रॉकात… हो, तोच. तापानं गेला, असंच सांगितलंय मी सगळ्यांना.

…

ताप नव्हता गं. माझ्या मांडीवर होता तो. कुत्रं आडवं आलं, ह्यांनी ब्रेक मारला. बस्स. कुणाला धडकलोसुद्धा नाही आम्ही.

…

नाही. हात सैल नव्हते माझे. आवळूनच धरला होता. एकोणतीस वर्षं तेच आठवतंय मला, किती आवळून धरला होता ते.

…

वर्गात कशी सांगू? लाज वाटते. सगळ्यांना मूर्ख म्हणत फिरते ना मी… पहिली मूर्ख मीच.

…

हॅलो?… युरीडिया?… अगं, आहेस ना?

…

गाडी थांबली? नक्की? कुठे?… सफरचंदाच्या पेट्या रचून ठेवतात तिथे. बरं. इंजिन बंद कर म्हणावं त्याला.

…

नाही! हळूहळू परत यायचं नाही. एक पाऊलही नाही. मी येते सीट घेऊन. जागचं हलायचं नाही कुणी.

…

होऊ दे हॉलवरचं बारबाकोआचं मटण गार. लोक उपाशी मरत नाहीत… मारिसेलाला मी सांगते. सगळंच सांगते तिला आज. आबेलचंही.

…

तू कशाला रडतेस आता? डोळे पूस. तुझी अश्रूंची धार पोरीच्या तोंडावर पडेल… ती रडतेय? रडू दे. फोन धर तिच्या तोंडाशी.

…

हं.

…

हं. रड गं बाई, रड.

…

बास. ठेवते आता… नाही, चालू कशाला ठेवू? मला गाडी चालवायचीय. फोन कानाला लावून चालवायला मी काय तुझा नवरा आहे? ठेव.