दरवाज्यावरचा डाग

— नाही हो ताई, फाटलेला कोपरा झकास सांधलाय, त्याची काळजीच नको. फक्त हळू बोला. तुमच्या आई तिकडे खुर्चीत चित्र मांडीवर घेऊन बसल्यात, बसू द्या निवांत. तर — जेरुसलेमची अशी छापील चित्रं माझ्याकडे दुरुस्तीला पुष्कळ येतात, दीडशे वर्षांपूर्वीची, समोरच्या टेकडीवरून काढलेली. कुणी म्हणतं घुमट नीट दिसू द्या, कुणी म्हणतं चर्च, कुणाला ती जुनी भिंत हवी. तुम्ही यातले कोण, ते मी विचारलंही नाही — आई एवढंच म्हणाल्या, आमचे आजोबा या दरवाज्यातून बाहेर पडले ते परत गेलेच नाहीत. आणि बोट ठेवलं. कुठल्या दरवाज्यावर? तेच तर सांगतोय!

तुम्ही म्हणाला होतात, फक्त कोपरा सांधा. बरोबर. पण माझे हात शिवशिवतात हो — पिवळा पडलेला कागद दिसला की धुतल्याशिवाय चैन पडत नाही. बायको म्हणतेच, एक दिवस मलाही औषधात बुडवाल. बुडवलं — चित्र, बायको नाही. असं लख्ख निघालं की मीच माझी पाठ थोपटून घेतली. तटावर एक तपकिरी डाग होता, तोही गेला. हो, तोच — आजोबांच्या बोटाचा, मग त्यांच्या मुलीच्या, मग आईंच्या. बायकोनं विचारलं, अहो, तो बोटांचा डाग कुठंय? तेव्हा कुठं लक्षात आलं. — चिडू नका. म्हणजे चिडा, पण हळू. आईंना फारसं दिसत नाही, त्या डागावरूनच दरवाजा ओळखतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत ना. मग काय करणार? चहाच्या पाण्यात अंगठा बुडवला आणि — हे खरं तर सांगणारच नव्हतो मी. पण चित्रात दरवाजे दोन. एक डावीकडे, एक घुमटाखाली. डाग कुठल्यावर होता ते काही केल्या आठवेना! मी डाग बघितला होता, दरवाजा कोण बघतो? शेवटी उठवला डावीकडे, अंदाजानं. तुम्हाला तरी आठवतंय? लहानपणापासून भिंतीवर बघत आलात ना? — नाही. तुम्हीही डागच बघितलात.

थांबा — बघा, बघा, आईंनी बोट ठेवलं. डावीकडेच. हसतायत. आजोबांशी बोलतायत वाटतं. म्हणजे बरोबर असेल का हो? की मी उठवला म्हणून तिथं ठेवलं? आता कसं कळायचं? कुणालाच नाही कळायचं, मीच धुऊन टाकलं ते. शरम वाटते हो. सांगून टाकू का त्यांना? सांगतोच.

आई —

काही नाही आई. छान दिसतंय म्हटलं.

ताई, न्या त्यांना. पायरी उंच आहे, हात धरा. जा ना आता.