पेट्रोलच्या टाकीला कुलूप

(केंदूरचे पिकअप ड्रायव्हर गौतममामा यांनी सांगितलं तसं उतरवलेलं)

मी केंदूरचा, जन्म तिथलाच, बुद्धविहाराच्या मागं अजून घर हाय. वडील दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे आन् मला गाडीचं येड, ट्रॅक्टर दिसला का शाळा सोडून मागं पळायचो. ट्रॅक्टरवरच हात बसला, मंग टेम्पो, मंग पिकअप, सत्तावीस वर्षं झाली, काय सांगू तुम्हाला, कुणाचं थेंबभर डिझेल इकडचं तिकडं केलं न्हाई. ड्रायव्हर म्हनलं का लोकं आधी कॅन कुठं हाय ते बघत्यात, म्हनून मी पाण्याला सुदीक कॅन ठेवीत न्हाई, बाटली ठेवतो.

आमच्या शेठचा कोंबडीखाद्याचा धंदा. वयानं माझ्या पोराएवढा, मला मामा म्हनतो. दौंडकडनं पोती भरायची आन् केंदूर-पाबळच्या पोल्ट्र्यांवर टाकायची, हे माझं काम. त्यानं जुनी डिझेलची इकली आन् ही दोन इंधनाची आणली, सीएनजी गॅसवर पण चालती, पेट्रोलवर पण. शोरूमच्या कागदावर ॲव्हरेज आसं लिवलेलं का शेठ तो कागद खिशात घेऊन फिरायचा. आवं पण ती कंपनीची गाडी रिकामी पळली आसंल, सपाट रस्त्याला! ह्यानं आणल्या आणल्या खालनं स्प्रिंगचे दोन पाटे वाढवले, वरनं लोखंडी जाळी उंच केली, आन् पासिंगला जेवढं वजन मंजूर त्यापेक्षा जादा पोती घालायला लागला. गॅसच्या टाक्यांचं वजन आधीच, त्यात हे. मंग कुठनं देणार ती ॲव्हरेज?

आन् गॅसचं तर इचारूच नका. पहाटं रांग लावली तरी दोन तास जात्यात, नंबर आला का प्रेशर न्हाई. पंपवाला म्हनतो झाली फुल मामा, पण खरी भरती पाऊणच. शेठ मोजायचा एका भरण्यात किती किलोमीटर. किती किलो गॅस गेला त्यावर मोजा म्हनलं, तर म्हनं फुल म्हंजी फुल. मंग गॅस मधीच संपला का गाडी पेट्रोलवर जाती, आन् पेट्रोलची टाकी केवढी, पाच लिटर, अडीनडीला दिलेली. त्यात रोजचं स्टार्ट पेट्रोलवर, आन् लोड घेऊन चढ आला का गॅसवर ओढत न्हाई, बटन दाबून पेट्रोलवर घ्यावीच लागती. गाडी वाईट न्हाई, खर्च कमी येतो, धूर न्हाई, पण तिचं बी काय म्हननं हाय का न्हाई? हे सांगाया गेलो आन् चोर ठरलो.

व्हय, चोर. शिरूरला हॉटेलापुढं पोल्ट्रीवाले पाच-सहा जण चहाला बसलेले, त्यांच्यासमोर शेठ म्हनला, मामा, गॅसचं सोडा, पेट्रोल कोण पितं? सगळी हसली. मी म्हनलं, शेठ, माझ्यासंगं एक फेरी बसा, डोळ्यांनी बघा. तर म्हनं मला टाइम न्हाई, आन् पिशवीतनं कुलपाचं झाकण काढलं, टाकी भरून आणलेलीच व्हती, तिथंच बसवलं आन् किल्ली खिशात घातली. अंगाची नुसती लाही झाली. घरी जेवण गेलं न्हाई. बायको म्हनली, सोडा त्याची गाडी. म्हनलं आत्ता सोडली तर चोर म्हनूनच सुटंन मी.

तिसऱ्या दिशी सकाळी शेठला सांगितलं, पेट्रोलचा काटा खाली आलाय. म्हनं उद्या बघू. दुपारी कासुर्डीजवळ गॅस संपला, थोड्या वेळानं पेट्रोल पण, आन् लोड गाडी हायवेच्या कडंला उभी. फोन लावला, म्हनलं शेठ, किल्ली घेऊन या. आला मोटरसायकलवर, हातात पेट्रोलचा कॅन! कुलूप त्यानंच उघडलं, मोबाइलची बॅटरी पाडून आत बघितलं. खडखडीत. कुलूप त्याचं, किल्ली त्याची, मंग पेट्रोल कोण प्यालं? माझ्या तोंडाकडं काय बघंना. म्हनला, काढून टाकू मामा हे, उगं झंझट.

म्हनलं, न्हाई शेठ. लावलं तिथंच काढायचं, त्याच हॉटेलापुढं, तीच माणसं बोलावून, आन् सांगायचं त्यास्नी का पेट्रोल गाडीच पीत व्हती. गुपचूप काढायचं आसंल तर ही घ्या गाडीची चावी. चार माणसांत बोलायचं आन् एकट्यात मिटवायचं, ह्यो कुठला न्याय? आमच्या वस्तीतल्या माणसानं आसं तोंडावर बोललेलं खपत न्हाई, ठाव हाय मला. पण मी बोललो.

त्याला चार महिने झाले. कुलूप तसंच हाय. दोन-तीन दिसाआड शेठ किल्ली घेऊन येतो, गाडी आसंल तिथं. मधी माझ्या जागी दुसरे ड्रायव्हर लावून बघितले त्यानं, पण आठ दिवस पण कुणी टिकला न्हाई, परत मलाच बोलावलं. मी त्याचं वाईट चिंतीत न्हाई, त्याची लेकरं सुखात ऱ्हावीत, धंदा वाढावा. परवा भर उन्हात आला, घाम पुसत म्हनला, मामा, आता पुरे की. म्हनलं, व्हय शेठ, पुरेच झालं, हॉटेल उघडं हाय, चला. माझ्याकडं बघितलं, पेट्रोल वतलं, कुलूप लावलं आन् गेला.