टॅब मी पुसला, नाव मंगलाताईचं लागलं

अन्याय झाला तो मंगलाताईवर. सावनेरकडच्या खेड्याईत घरोघरी जाऊन बाळंतिणींची, लेकराईच्या वजनाची माहिती सरकारी टॅबमध्ये भरणारी बाई. मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे पुतळे मिरवतात तेव्हा, दुपारी अडीच वाजता, शहरातल्या सदर भागातल्या एका दुकानाच्या काउंटरवर तिची तीन आठवड्यांची मेहनत पुसल्या गेली. पुसल्या गेली असं काहून म्हणू, मी पुसली. हे आधी लिहून घ्या. नाहीतर मी कशी शिकली, कशी कमावती झाली, हे सांगता सांगता ते मागंच राहून जाईल, आणि ते मागं ठेवायची मले सवय लागली आहे.

मी खापरखेड्याची. बाबा वीज केंद्रात ठेकेदाराकडे, कोळशाच्या पट्ट्यावर. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची म्हणून आई प्रत्येक कपडा झटकूनच घडी करे. आता आम्ही लांब राहायले आलो तरी झटकते, राख नसली तरी झटकते. ते जाऊ द्या. मी आयटीआय केलं, वर्गात पोरी आम्ही दोघीच, दुसरीचं लग्न झालं. सदरच्या दुकानात मले घेतलं ते सिमकार्डाचे फॉर्म भरायले. पण मालक जुने मोबाइल, जुने टॅब घेत, साफ करून पुन्हा विकत, आणि ते साफ करणं मी पाहून पाहून शिकली. व्हिडिओ लावले, एक मेलेला टॅब घरी नेला, रूट करायले शिकली. रूट म्हणजे काय, तर कंपनीनं टॅबमध्ये तुमच्या हाताले लागू दिलेलं नसतं असं बरंच काही असतं, काढून टाकता येत नाही असे अॅप असतात. कॉम्प्युटरले केबल जोडून ते कुलूप काढायचं, मग टॅब तुमचं सगळं ऐकते. दुकानात हे फक्त मलेच येत होतं.

गिऱ्हाईक येई आणि विचारे, मिस्त्री कुठं गेला वं? मी म्हणे, जेवायले गेला, तोवर मी पाहते. काम झालं की सांगे, काका, मिस्त्री मीच होय. लोक हसत, दुसऱ्याले घेऊन येत. काय सांगू तुम्हाले, त्याची मले चटक लागली होती. हे मले येत नाही, असं मी त्या काउंटरवर कधी म्हटलं नाही. पोरगी एकदा नाही म्हणाली की तिले परत फॉर्म भरायले बसवतात, हे मले पक्कं ठाऊक होतं.

तर मारबतीचा दिवस. इतवारी-महालात मिरवणुकीची गर्दी, सदर उघडं. मंगलाताईच्या हापिसाले सुट्टी, म्हणून ती त्याच दिवशी आली, एसटीनं, टॅब टॉवेलात गुंडाळून. म्हणाली, जागा भरली म्हणते वं बाई हा टॅब, फॉर्म भरलेले आहेत पण वर हापिसात जाऊन नाही राहिले, जरा जागा करून दे, एवढंच. एवढंच म्हणाली ती. दोन-चार फालतू व्हिडिओ काढले असते तरी झालं असतं. पण मले ते हलकं काम वाटलं. मी म्हटलं, ताई, थातूरमातूर कशाले, रूट करून देते, कंपनीचा सगळा कचरा काढून टाकते, जन्मभर जागा पुरेल. ती म्हणाली, मले काय समजते त्यातलं, तू शिकलेली आहेस, तू पाहून घे.

केबल जोडली. कुलूप काढताना टॅबच्या पडद्यावर सूचना येते, यातलं सगळं जाईल, चालेल का? आवाज वाढवायचं बटण दाबलं की हो. ते बटण मी इतक्यांदा दाबलं होतं की सूचना वाचणं केव्हाच बंद झालं होतं. आमच्या दुकानात पुसणं म्हणजे काम झालं, जुन्या मालकाचं सगळं जावं हेच तर आम्हाले पाहिजे असे. मी बटण दाबलं. मंगलाताई समोर बसून चहा पिऊन राहिली होती.

टॅब सुरू झाला तो कोरा. ती म्हणाली, माहे फॉर्म कुठं गेले वं? आणि मी म्हटलं, ताई, तुमचा टॅब आधीच खराब होता. हे मी म्हटलं. तोंडातून निसटलं नाही, विचार करून म्हटलं. ती बिचारी मलेच म्हणाली, राहू दे, तुहा काय दोष त्यात.

आठ दिवसांनी ती परत आली. टॅब सुरू करताना आता कुलूप काढल्याची पाटी येत होती, हापिसात त्यावरून तिलेच धरलं, म्हणे सरकारी वस्तू तू उघडली, फॉर्म भरलेच नव्हते म्हणून पुसले. घरोघरच्या बायका म्हणत, काहून वं मंगला, लेकराचं वजन तर नेलं होतंस, पुन्हा काहून आली? ती म्हणाली, पोरी, दुकानाच्या कागदावर एवढं लिहून दे की टॅब तू उघडला, मी नाही. मी म्हटलं, मालक नाही म्हणतात. मालकाले मी विचारलंच नव्हतं. ती उठली, टॅब टॉवेलात गुंडाळला आणि गेली. तिचं काम गेलं.

मग महिनाभरानं मी तो कागद लिहिला. मालकाले सांगतलं, त्यांनी मले काउंटरवरून काढलं नाही, ते जास्त लागलं. कागद घेऊन हापिसात गेली, तर बाबू म्हणे, तो विषय संपला, कागद ठेवून जा. मी म्हटलं, विषय संपला कसा, चूक करणारी तुमच्यासमोर उभी आहे. तो म्हणे, मॅडम, आमच्या रजिस्टरात चूक करणाऱ्याचं नाव भरून झालेलं आहे. चारदा गेली. चारही वेळा कागद घेतला, वाचला कोणी नाही. मंगलाताईच्या घरीही गेली, तिनं पाणी दिलं, बस म्हणाली, आणि घरच्या कामाले लागली. माफी मागायले गेलेल्या माणसाले नुसतं पाणी मिळालं तर ते कसं प्यायचं, मले अजून समजलं नाही.

आता तुम्ही. मले शाबासकी नको, पोरीनं कबूल तरी केलं असं म्हणू नका. येत्या मंगळवारी अकरा वाजता मी पाचव्यांदा सावनेरच्या त्या हापिसाच्या फाटकाशी उभी राहते. एकट्या पोरीचा कागद ते टेबलावर ठेवून देतात, पन्नास माणसांसमोर त्यांले तो वाचावा लागेल. घरी बसून हळहळू नका. मंगळवारी या, आणि मंगलाताईले कामावर घेतल्याशिवाय तिथून हलू नका.